राग आवरायला माणूस शोधताना

आमच्या घरात शिरायचा नेहमीचा रस्ता गॅरेजमधून. दार वर जाताना चांगलाच खडखडाट होतो. २०१८ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी आत आलो तेव्हा टीव्ही चालू होता, टेबलावर अर्धी खाल्लेली पोळीभाजी होती आणि तिथे कोणीच नव्हतं. मुलगी तेव्हा टेन्थ ग्रेडला होती. ती वर गेली होती. रोज असंच होत असणार, पण माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. त्या रात्री बायकोने सांगितलं, "गॅरेजचा आवाज आला की ती ताट सोडून वर जाते. चार महिने झाले."

मी घरात कधी कोणावर हात उचलला नाही. हे मी त्या रात्री तीनदा बोलून दाखवलं आणि तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्या आवाजात बोललो की शेजारच्या खोलीत झोपलेली आई उठून आली. माझा राग म्हणजे आरडाओरडा, कपाटांची दारं आपटणं आणि मग दोन दोन दिवस अबोला. कारणं ऐकाल तर हसाल. कोणी थर्मोस्टॅट वाढवला, दूध संपलं, गणितात बी आला. रूट वनवर कोणी मध्ये गाडी घातली तर पुढचे चार मैल माझं तोंड चालू.

आमच्या घराण्यात राग हा दागिना समजला जाई. आजोबांना गावात जमदग्नी म्हणत, आणि तेही कौतुकाने. "तापट आहे, पण मनाने निर्मळ" हे सर्टिफिकेट आपल्याकडे किती पुरुषांना फुकट मिळतं पाहा. ते मलाही मिळालेलं होतं. त्याची किंमत टेबलावरच्या त्या ताटात दिसली.

संपादकांनी 'आरोग्य आणि अर्थ' या सदरासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी अट घातली की नाव छापायचं नाही. मुलगी आता मोठी आहे, तिची परवानगी घेतली आहे. पण तिचे मित्रमैत्रिणी, त्यांचे आईवडील, सगळे याच मंडळात आहेत. लिहिण्याचं कारण एवढंच, की योग्य कौन्सेलर मिळायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं आणि त्यातलं निम्मं वर्ष निव्वळ अज्ञानात गेलं. तेवढं तरी आपलं वाचावं.

सुरुवात मी फॅमिली डॉक्टरकडून केली आणि ते बरं झालं. मला वाटलं होतं ते रक्तदाबाची गोळी देतील. त्यांनी विचारलं, "झोप कशी आहे?" झोप पहाटे तीनला मोडत होती. मग छताकडे बघत एकेक पाढा सुरू व्हायचा: कंपनीत पुढच्या क्वार्टरला कोणाला काढणार, कॉलेजची फी कुठून आणायची, पुण्याच्या फ्लॅटचं काय करायचं, आईला रात्री काही झालं तर. डॉक्टरांनी सात प्रश्नांचा एक कागद पुढे केला. त्याला 'गॅड सेव्हन' म्हणतात, २००६ सालापासून तो वापरात आहे. गुण शून्य ते एकवीस. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी करावी असा संकेत. माझे चौदा आले. त्यांनी थायरॉइडची तपासणीही करून घेतली, कारण थायरॉइड वाढलं तरी छाती धडधडते, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो. ते ठीक निघालं. मग म्हणाले, "तुम्हाला रागाचा त्रास आहे असं तुम्ही म्हणता. मला काळजीचा जास्त दिसतो. राग त्याचा धूर आहे."

हे मला पटलं नाही. काळजी करतात त्या बायका, अशी माझी समजूत. पण पुढे अनुभव तोच आला. सतत सावध राहिलेलं शरीर लहानशा धक्क्यानेही उसळतं, आणि आपल्या पुरुषांना भीती वाटते म्हणायची सोय नाही, रागावायची मात्र पूर्ण मुभा आहे. २०२३ पासून अमेरिकेत ६५ वर्षांखालच्या सर्व प्रौढांना तपासणीत काळजीविषयी विचारावं अशी अधिकृत शिफारस आहे. डॉक्टरांनी कागद पुढे केला तर "आय ॲम फाइन" लिहून परत देऊ नका.

डॉक्टरांनी टॉक थेरपी सुचवली, आणि मी इन्शुरन्सच्या यादीतून फोन करायला बसलो. ती यादी म्हणजे जुन्या टेलिफोन डिरेक्टरीसारखी. अकरा ठिकाणी निरोप ठेवले. दोघांनी उलट फोन केला. एकीकडे जागा होती. बाई तरुण, हुशार, मनाने चांगल्या. पण पहिल्या तासाचा निम्मा वेळ आई आमच्याकडे का राहते हे समजावण्यात गेला. दुसऱ्या तासात पुण्यातल्या भावाला पैसे का पाठवतो ते सांगितलं. तिसऱ्या तासाला त्या म्हणाल्या की आईसाठी वेगळी जागा बघण्याचा विचार केला आहे का? मी नम्रपणे थँक यू म्हटलं आणि पुन्हा गेलो नाही. त्यांना काही सांगितलंही नाही. घरी येऊन जाहीर केलं, "हे आपल्या लोकांसाठी नाही." आठ महिने त्या एका वाक्यावर काढले.

चूक माझी अशी की एका कौन्सेलरवरून मी सगळ्या शास्त्राचा निकाल लावला. दाताचा डॉक्टर आवडला नाही म्हणून आपण दात किडू देतो का? आणि तिसऱ्या तासाला मी तिथेच "तुमचा हा सल्ला माझ्या घराला लागू नाही" असं म्हणायला हवं होतं. चांगला कौन्सेलर अशा वाक्याने दुखावत नाही, त्यातूनच त्याचं काम सुरू होतं. हे मला पुढे कळलं.

दुसरा प्रयत्न उलट टोकाचा. आपल्याच माणसाकडे जाऊ म्हणजे काही समजावायला नको, असं म्हणून एका मराठी गृहस्थांकडे गेलो. शिकलेले, अनुभवी. खरोखरच काही समजवावं लागलं नाही. अडचण सप्टेंबरात आली. गणपतीच्या आरतीला ते माझ्या शेजारी उभे, त्यांच्या हातात टाळ, माझ्या हातात ताम्हन, आणि माझी बायको त्यांच्या बायकोशी मोदकांविषयी बोलते आहे. त्यांनी कधी एक शब्द बाहेर काढला नाही, काढलाही नसता. पण पुढच्या वेळी माझ्या तोंडून खरं निघेना. त्यांनीच एक दिवस म्हटलं, "आपण एकाच मंडळात आहोत, हे मी आधीच लक्षात घ्यायला हवं होतं. दुसरं नाव देतो." त्यांचा मी ऋणी आहे. भाषा आपली हवी, पण माणूस आपल्या ओळखीचा नको. लहान मंडळांत हे फार सांभाळावं लागतं.

तिसऱ्या बाई साठीच्या पुढच्या, अमेरिकन, सोशल वर्कर. त्यांना भाऊबीज माहीत नव्हती, पण त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "मला जे ठाऊक नाही ते मी विचारेन, आणि चुकीचं बोलले तर मला थांबवा." त्यांच्याकडे मी बावीस वेळा गेलो.

त्या काय करायच्या ते थोडं सांगतो, कारण "नुसतं बोलून काय होणार" हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. प्रत्येक वेळी घरी करायचं काम मिळे. रागाची वही: काय झालं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, मग मी काय केलं. दोन आठवड्यांची वही वाचून त्यांनी विचारलं की हा 'मस्ट' शब्द तुझ्या सगळ्या वाक्यांत का आहे? मी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहीत होतो. घरी येऊन मराठीत लिहिलं तेव्हा कळलं की तो आपला 'च' आहे. मुलीला ए मिळालाच पाहिजे. मी आलो की घर आवरलेलं असलंच पाहिजे. मॅनेजरने मला मान दिलाच पाहिजे.

ही पद्धत अल्बर्ट एलिस यांची. १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडली आणि न्यूयॉर्कमध्ये संस्था काढली. २००७ साली ते वारले. मॅनहॅटनमध्ये त्यांच्या शुक्रवार रात्रीच्या कार्यशाळा प्रसिद्ध होत्या. प्रेक्षकांतून कोणीही उठून पुढे यावं आणि आपली अडचण त्यांच्यासमोर ठेवावी. त्यांचं म्हणणं असं की घटना आपल्याला थेट चिडवत नाही, घटनेविषयीचा आपला हट्ट चिडवतो. गंमत म्हणजे हे मला न्यूजर्सीत राहून कळलं ते उशिरा, तिकडे मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत मराठी माणसांपर्यंत केव्हाच पोचवली होती. विवेकनिष्ठ मानसोपचार हे तिचं मराठी नाव. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली, तिथेही असे विचार सोप्या मराठीत सांगितले जातात. मानसोपचार हे इथल्या लोकांचं फॅड आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढच्या भारतभेटीत ठाण्याला एक फेरी मारावी.

त्यावरूनच एक सूचना. हल्ली बरेच जण पुण्या-मुंबईच्या कौन्सेलरशी व्हिडिओवर बोलतात. मराठीत मन मोकळं होतं हे खरं. पण इथला नियम असा की रोगी ज्या राज्यात बसला आहे तिथलं लायसन्स उपचार करणाऱ्याकडे हवं. भारतातल्या कौन्सेलरकडे ते बहुधा नसतं. इन्शुरन्स पैसे देत नाही, आणि रात्री बेरात्री काही घडलं तर तो माणूस आठ हजार मैलांवर असतो. आधार म्हणून बोला, पण मुख्य उपचार इथल्या माणसाकडे ठेवा.

नावापुढची अक्षरं

सगळ्यांनाच आपण कौन्सेलर म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सायकायट्रिस्ट हा एम.डी. असतो, तो औषध लिहून देतो, आणि बरेचदा त्याची भेट वीस मिनिटांची असते. सायकॉलॉजिस्ट पीएच.डी. किंवा साय.डी. झालेला, तो चाचण्या आणि थेरपी करतो, बहुतेक राज्यांत औषध देत नाही. त्याखेरीज एल.सी.एस.डब्ल्यू. म्हणजे सोशल वर्कर, एल.पी.सी. म्हणजे कौन्सेलर आणि एल.एम.एफ.टी. म्हणजे विवाह व कुटुंब थेरपिस्ट. या तिघांकडे मास्टर्स आणि राज्याचं लायसन्स असतं. आपण पदव्यांना भुलणारी माणसं, पीएच.डी. नाही म्हणून नाक मुरडतो. माझा अनुभव सांगतो की काळजी आणि रागासाठी पदवीपेक्षा त्या माणसाने असे किती रोगी पाहिले आहेत ते महत्त्वाचं. लायसन्स मात्र राज्याच्या बोर्डाच्या साइटवर जाऊन स्वतः तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. नुसतं 'लाइफ कोच' असं लिहिलं असेल तर त्याला कोणतंही लायसन्स लागत नाही हे लक्षात असू द्या.

बहुतेक जण पहिला दहा-पंधरा मिनिटांचा फोन फुकट देतात. त्यात लाजू नका. मी तिसऱ्या खेपेला कागदावर प्रश्न लिहून बसलो होतो. राग आणि काळजी असलेल्या लोकांबरोबर तुम्ही नेमकं काय करता? घरी करायला काही देता का? तीन महिन्यांनी फरक पडतो आहे की नाही ते आपण कसं ठरवायचं? तीन पिढ्या एका घरात राहणाऱ्या कुटुंबांबरोबर काम केलं आहे का? शेवटच्या प्रश्नाला "नाही" असं सरळ उत्तर आलं तर ते "सगळी माणसं सारखीच असतात" यापेक्षा बरं. पहिल्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा. तीन-चार भेटींत आपण खरं बोलू लागलो नाही, तर तसं सांगून बदला. न सांगता गायब होऊ नका, माझ्यासारखं.

एक गोष्ट या सगळ्यापासून वेगळी ठेवतो. घरात कोणी मारत असेल, ढकलत असेल, पासपोर्ट किंवा पैसे अडवून ठेवत असेल, तर तो 'तापट स्वभाव' नव्हे आणि त्याला रागाचा क्लास पुरत नाही. अशा वेळी नवराबायकोने एकत्र कौन्सेलिंगला जाणंही धोक्याचं ठरू शकतं, कारण तिथे बोललेल्याचा हिशेब घरी चुकता होतो. न्यूजर्सीत १९८५ पासून 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून 'सखी' आणि कॅलिफोर्नियात बे एरियात १९९१ पासून 'मैत्री' या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संस्था याच कामासाठी उभ्या राहिल्या. पुरुषांनीही समजून घ्यावं. न्यूजर्सीच्या १९९१ च्या कायद्यानुसार अंगावर इजेची खूण दिसली तर पोलिसांना अटक करावीच लागते, आणि १९९६ च्या कायद्यानंतर घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाचं ग्रीन कार्डसुद्धा धोक्यात येतं.

ग्रीन कार्डावरून आठवलं. "कौन्सेलरकडे गेलं तर इमिग्रेशनला अडचण येते का?" हे मला मंडळातल्या निदान चौघांनी कुजबुजत विचारलं आहे. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत पाहतात ते मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना इजा होईल असं वर्तन घडलं आहे का, आणि पुन्हा घडेल का. काळजीवर उपचार घेणं एवढ्यावरून कोणाचा अर्ज नाकारला जात नाही. ऑफिसलाही कळत नाही. कौन्सेलरच्या खाजगी टिपणांना कायद्याचं विशेष संरक्षण आहे. अपवाद आहेत: जिवाला धोका असेल किंवा मुलांचा छळ होत असेल तर त्यांना कळवावंच लागतं. एक फट मात्र आहे. इन्शुरन्सचं 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्याकडे जातं. कॉलेजातली मुलगी तुमच्या पॉलिसीवर असेल तर तिने कोणाला भेटलं ते तुम्हाला दिसेल. दिसलं तर फोन करून जाब विचारू नका.

पैशाचा हिशेब

हे खातं आमच्या घरी बायकोकडे आहे, म्हणून पुढचा भाग तिच्या वहीतून. आधी ऑफिसचा ई.ए.पी. पाहावा. बऱ्याच कंपन्यांत तीन ते आठ भेटी फुकट मिळतात आणि कोण गेलं ते कंपनीला कळवत नाहीत. मी वीस वर्षं नोकरी करून हे पत्रक कधी उघडलं नव्हतं.

२००८ च्या पॅरिटी कायद्यानुसार इन्शुरन्समध्ये मानसोपचार असेल तर त्याचा को-पे आणि भेटींची मर्यादा शरीराच्या आजारापेक्षा जाचक ठेवता येत नाही. नेटवर्कमधल्या माणसाकडे तीस डॉलर को-पे धरला तर वीस भेटींचे सहाशे होतात. पण चांगली माणसं पुष्कळदा नेटवर्कबाहेर असतात, आणि "सत्तर टक्के परत मिळतील" या वाक्याला आपण फसतो. समजा फी १८० डॉलर आहे. कंपनी म्हणते आमच्या मते योग्य फी १४०. सत्तर टक्के त्या १४० चे, म्हणजे ९८. तुमच्या खिशातून गेले ८२. आणि तेही डिडक्टिबल भरून झाल्यावर. डिडक्टिबल हजार असेल तर पहिल्या सात भेटींचे सगळे पैसे तुमचेच. म्हणून आधी इन्शुरन्सला फोन करून 'अलाउड अमाउंट' विचारावी, आणि कौन्सेलरकडून दर महिन्याला सुपरबिल मागून घ्यावं. एच.एस.ए. किंवा एफ.एस.ए.चे पैसे थेरपीला चालतात, नुसत्या विवाह-समुपदेशनाला सहसा चालत नाहीत.

स्वतःच्या खिशातून देणार असाल तर २०२२ पासून खर्चाचा लेखी अंदाज आधी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. 'स्लायडिंग स्केल आहे का' हेही विचारावं, त्यात कमीपणा नाही. रटगर्ससारख्या विद्यापीठांत शिकाऊ सायकॉलॉजिस्ट प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी फीत पाहतात. न्यूजर्सीत 'साम्हिन' ही दक्षिण आशियाई लोकांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आपली भाषा जाणणारी माणसं शोधायला मदत करते.

आपल्यातली जी मंडळी सत्तरच्या दशकात इथे आली ती आता मेडिकेअरवर आहेत. त्यांना आनंदाची बातमी म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून एल.पी.सी. आणि एल.एम.एफ.टी. यांच्याकडचे उपचारही मेडिकेअरमध्ये आले. त्याआधी ते नव्हते, त्यामुळे पूर्वी नकार मिळाला असेल तर पुन्हा विचारा.

टर्म लाइफ घेताना अर्जात उपचारांविषयी प्रश्न येतो. खरं लिहावं. प्रीमियम कदाचित थोडा वाढेल. पण लपवलं आणि पहिल्या दोन वर्षांत काही झालं, तर कंपनी जुने कागद उकरते आणि घरच्यांना पैसे न देण्याचं कारण तिला मिळतं.

जीव द्यावासा वाटत असेल किंवा घरात कोणी तसं बोलत असेल तर वर लिहिलेलं काहीच करत बसू नका. ९८८ हा नंबर फिरवा. जुलै २०२२ पासून तो देशभर दिवसरात्र चालू आहे.

माझा राग गेलेला नाही. मागच्याच महिन्यात डी.एम.व्ही.च्या रांगेत त्याने डोकं वर काढलं. पण घरी येण्याआधी मी कोपऱ्यावरच्या ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं गाडी बंद करून बसतो. ही सवय बाईंनी लावली. मुलगी सुट्टीला घरी आली की विचारते, "बाबा, आज किती मिनिटं?" परवा मी बारा सांगितलं, तर तिने आईला हाक मारून माझा चहा टाकायला सांगितलं आणि टेबलावरच बसून राहिली.

प्रश्नांचा तो कागद कोणाला हवा असेल तर संपादकांकडे चिठ्ठी द्या. ते माझ्यापर्यंत पोचवतील, आणि तुमचं नाव मला सांगणार नाहीत असं आमचं ठरलं आहे.

– एक सभासद, न्यूजर्सी